लोहाराचा मुलगा, पोलाद आणि बर्फ

बर्फावर पाय घसरतो, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. बर्फावर पाय रोवायचा कसा, आणि रोवलेला पाय त्याच क्षणी पुढे सरकवायचा कसा, हा प्रश्न मात्र साधा नाही. बर्फावर स्केटिंग करणाऱ्या खेळाडूच्या बुटाखाली पोलादाचे जे अरुंद पाते असते, त्याला ही दोन्ही कामे एकदम करावी लागतात. पकड नसेल तर खेळाडू जागच्या जागी पाय झाडत राहील. नुसती पकडच असेल तर तो तोंडावर आपटेल.

या कोड्याचे वय मोठे आहे. बाराव्या शतकात लंडनची तरुण पोरे जनावरांच्या नळीची हाडे पायांना बांधून गोठलेल्या दलदलीवर घसरत, याचे वर्णन विल्यम फिट्झस्टीफन याने करून ठेवले आहे. हाडाला धार नसते. त्यामुळे ती पोरे लोखंडी टोकाची काठी बर्फात रोवून स्वतःला पुढे रेटत. पुढे हॉलंडमध्ये लाकडी तळव्याखाली लोखंडाचे पाते बसवण्याची कल्पना रुजली. पात्याला कडा आली, कडेला पकड आली आणि हातातली काठी गळून पडली.

आजच्या फिगर स्केटिंगचे पाते साधारण 4 मिलिमीटर रुंद असते. त्याचा तळ सपाट नसतो. लांबीच्या दिशेने त्यात एक उथळ पन्हळ घासून काढलेली असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन कडा उरतात. खेळाडू पाय तिरपा करून रेटा देतो तेव्हा कड बर्फात आडवी रुतते. लांबीच्या दिशेने मात्र तिला अडवणारे काही नसते. थोडक्यात, पकड आडवी आणि घसरण उभी. ही पन्हळ ज्या वर्तुळाचा तुकडा असते त्याची त्रिज्या बहुधा 11 ते 13 मिलिमीटर ठेवतात. ती कमी केली की कडा अधिक तीक्ष्ण होतात, पकड वाढते आणि वेग मार खातो. ती वाढवली की वेग मिळतो, पण वळणावर पाय सुटण्याची भीती असते. लांब शर्यतीचे पाते तर जेमतेम मिलिमीटरभर जाडीचे आणि तळाशी सपाट असते. पाते घडवणारा आणि त्याला धार लावणारा, दोघेही पकड आणि घसरण यांच्यातली तडजोडच करीत असतात.

सिमल्यात 1920 पासून उघड्यावरचे स्केटिंगचे मैदान आहे. आमच्या डहाणूत बर्फ भेटतो तो लादीच्या रूपात. मच्छीमारांच्या बोटींवर जाणारा, टोच्याने फोडलेला, आणि किनाऱ्यावरच्या गोळेवाल्याच्या रंध्यावर किसलेला. अशा गावातल्या माणसाने बर्फावरच्या पात्याविषयी लिहावे याचे कारण एक माणूस आहे. त्याने स्केटचे पाते कधी घडवले नाही. पण पाते ज्या पोलादाचे असते त्या पोलादाला त्याने ऐन तिशीच्या उंबरठ्यावर हात घातला, आणि पाते ज्या बर्फावर फिरते त्या बर्फाला साठीला टेकताना. त्याचे नाव मायकेल फॅरडे.

फॅरडेला आपण विजेचा माणूस म्हणून ओळखतो, आणि ते योग्यच आहे. डहाणूच्या खाडीजवळ औष्णिक वीज केंद्र उभे राहिले तेव्हा गावात बरीच उलटसुलट चर्चा झाली. त्या केंद्रातली 250 मेगावॅटची दोन जनित्रे ज्या तत्त्वावर चालतात, ते फॅरडेने 29 ऑगस्ट 1831 रोजी लंडनमधल्या एका तळघरात लोखंडी कड्याला तारा गुंडाळून पाहिले होते. एवढे मोठे काम नावावर असले की माणसाची बाकीची कामे त्या सावलीत दिसेनाशी होतात. मला आज त्या सावलीतल्या दोन कामांबद्दल सांगायचे आहे.

मायकेलचा जन्म 22 सप्टेंबर 1791 चा, लंडनच्या दक्षिणेकडील न्यूइंग्टन बट्स या भागातला. वडील जेम्स हे लोहार. उत्तर इंग्लंडमधून पोट भरायला राजधानीत आलेले, आणि प्रकृतीने कायम खालावलेले. घरात भात्याचा आवाज होता, पण भट्टी रोज पेटेल याची खात्री नव्हती. 1801 साली धान्य कडाडले तेव्हा या मुलाला आठवड्याला एक पाव मिळे आणि तो त्याने सात दिवस पुरवायचा, असे त्याचे चरित्रकार सांगतात. शाळा लिहिण्यावाचण्यापुरती आणि थोड्या हिशेबापुरती झाली. तेराव्या वर्षी तो जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे निरोप्या म्हणून लागला आणि वर्षभराने तिथेच सात वर्षांसाठी उमेदवार झाला.

पुस्तके बांधता बांधता तो ती वाचू लागला. विश्वकोशातला विजेवरचा लेख त्याने असाच वाचला, आणि जेन मार्सेट या बाईंचे रसायनशास्त्रावरचे संवादरूप पुस्तकही. रिबो मालक म्हणून भला होता. पोरगा दुकानाच्या मागे बाटल्या आणि तारा जमवून प्रयोग करतो याचा त्याला राग येत नसे. 1812 साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. त्याने टिपणे काढली, ती पुन्हा स्वच्छ लिहिली, आकृत्या घातल्या, स्वतः बांधली आणि डेव्हीकडे पाठवून दिली. वशिल्याऐवजी त्याने आपल्या हातचे काम पुढे केले. योगायोगाने पुढच्या वर्षी डेव्हीचा मदतनीस मारामारीपायी नोकरीतून गेला आणि 1 मार्च 1813 रोजी फॅरडे त्या जागेवर रुजू झाला. पगार आठवड्याला 25 शिलिंग, राहायला माळ्यावरच्या दोन खोल्या, शिवाय जळण आणि मेणबत्त्या.

त्याच वर्षी डेव्ही त्याला युरोपच्या प्रवासाला घेऊन गेला. डेव्हीचा खासगी नोकर ऐनवेळी यायला तयार झाला नाही, तेव्हा ते कामही फॅरडेच्या गळ्यात पडले. डेव्हीची पत्नी त्याला नोकरासारखेच वागवी. दीड वर्ष त्याने एकीकडे अपमान गिळला आणि दुसरीकडे व्होल्टासारख्या माणसांना जवळून पाहिले. परतला तो अधिक जाणता होऊन, आणि पुन्हा त्याच प्रयोगशाळेत बाटल्या धुऊ लागला.

पोलादाची गोष्ट इथून सुरू होते, आणि तिचे एक टोक मुंबईत आहे.

मुंबईत कंपनी सरकारच्या वैद्यकीय सेवेत डॉ. हेलेनस स्कॉट नावाचा गृहस्थ होता. इथले कारागीर काय करतात, कसे करतात, याचे त्याला अतोनात कुतूहल. 1794 साली त्याने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे एका भारतीय पोलादाचे नमुने धाडले. तिकडे त्याला वुट्झ म्हणत. कन्नडमधल्या उक्कु या शब्दाचाच हा अपभ्रंश असावा, असे जाणकार मानतात. नमुने मुंबईहून गेले म्हणून पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीत वाचलेल्या निबंधात ते मुंबईत बनलेले पोलाद म्हणून नोंदले गेले. प्रत्यक्षात ते दख्खनच्या आणि दक्षिणेच्या भट्ट्यांत तयार होई. मातीच्या मुशीत लोखंडाबरोबर तरवडाचे लाकूड आणि रुईची पाने घालायची, तोंड लिंपून मूस तापवायची आणि सावकाश निवू द्यायची. आपल्या माळरानावर पिवळ्या फुलांनी बहरणारा तरवड आणि मारुतीला वाहिली जाणारी रुई जगातल्या उत्तम पोलादाच्या घडणीत अशी सामील होती.

हे पोलाद ज्यांच्या हाती पडले त्यांत जेम्स स्टोडार्ट हा लंडनमधला शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणारा नामांकित कारागीर होता. धार म्हणजे काय हे त्याला कळत होते. कड फार कठीण केली तर ती तुटते. नरम ठेवली तर बोथट होते. वस्तऱ्याचे आणि शल्यविशारदाच्या चाकूचे हे दुखणे, आणि स्केटच्या पात्याचेही हेच. स्केटच्या कडेला तर दर पावलाला माणसाचे सारे वजन पेलायचे असते. वुट्झची कड स्टोडार्टला इतर कोणत्याही पोलादाहून सरस वाटली. मग हे गुपित उलगडायला त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनचे दार ठोठावले आणि 1818 च्या सुमारास लोहाराच्या मुलाने पुन्हा भट्टी पेटवली.

1819 मध्ये फॅरडेने वुट्झचे पृथक्करण प्रसिद्ध केले. त्याचा निष्कर्ष चुकला होता. वुट्झच्या गुणाचे श्रेय त्याने त्यातल्या ॲल्युमिनाला दिले. खरे कारण त्यातले कर्बाचे भरपूर प्रमाण आणि सावकाश निवणे यांत होते. पण चुकीच्या पायवाटेने तो नव्या मुलखात पोचला. दुसरे काहीतरी मिसळल्याने पोलाद सुधारत असेल, तर मुद्दाम मिसळून का पाहू नये? मग स्टोडार्ट आणि फॅरडे यांनी पोलादात निकेल, चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम, क्रोमियम असे एकेक धातू घालून पाहिले. चांदीची गंमत अशी, की ती फार थोडी, पाचशेत एक भाग एवढीच पोलादात मुरते. जास्त घातली तर घामासारखी बाहेर येते. 1820 आणि 1822 साली त्यांचे निबंध आले. शेफील्डच्या भट्टीत मोठ्या प्रमाणावर ओतकाम करून पाहिले गेले. शेफील्ड हे चाकू, कात्र्या, वस्तरे आणि स्केटची पातीही घडवणारे गाव. 1696 पासून नाव चालत आलेली जॉन विल्सनची पाती तिथलीच. ऱ्होडियमच्या पोलादाचे वस्तरे फॅरडेने मित्रांना भेट दिले.

1823 साली स्टोडार्ट वारला. महागड्या धातूंचे पोलाद बाजारात परवडत नव्हते. फॅरडेने ते काम आवरते घेतले आणि नमुने एका पेटीत ठेवून दिले.

इथे माझ्यातला जुना बँकवाला जागा होतो. नोकरीच्या काळात मी अनेकांचे ताळेबंद पाहिले, आणि त्यांत मला माणूस दिसे. फॅरडेच्या कमाईचे आकडे त्याचा सहकारी जॉन टिंडल याने त्याच्या मृत्यूनंतर मांडले आहेत. कारखानदारांना सल्ला देऊन, रसायनांची तपासणी करून फॅरडे 1830 च्या सुमारास वर्षाला 1000 पौंडांवर मिळवीत होता. विजेच्या शोधाने तर सगळा उद्योग त्याच्या दाराशी आला असता. पण 1832 साली ही कमाई 155 पौंडांवर उतरली आणि 1838 मध्ये शून्यावर. ती कुणी उतरवली नाही. त्याने स्वतः उतरवली. कारण त्या कामात दिवस जात होते आणि दिवस त्याला प्रयोगाला हवे होते. टिंडलच्या मते या निर्णयाची किंमत दीड लाख पौंड होती. फॅरडे सँडेमनियन या लहानशा ख्रिस्ती पंथाचा निष्ठावान अनुयायी होता आणि धन साठवणे त्या पंथाला मान्य नव्हते. पत्नी सारा त्याच पंथातली. 1821 साली लग्न झाल्यावर दोघांनी संस्थेतल्याच खोल्यांत संसार केला. मूलबाळ झाले नाही. कर्जाच्या अर्जावर असा माणूस मला कधी भेटला नाही, आणि भेटलाच असता तर तो अर्ज घेऊन आला नसता.

या त्यागाला सुखाची झालर नव्हती. 1824 साली रॉयल सोसायटीचा सदस्य होताना खुद्द गुरू डेव्हीनेच त्याला विरोध केला. चाळिशी ओलांडल्यानंतर काही वर्षांत स्मरणशक्ती दगा देऊ लागली. कालचा प्रयोग आज आठवेना. म्हणून त्याने प्रत्येक प्रयोग तारखेसह, परिच्छेदाला क्रमांक घालून वहीत टिपण्याची सवय अधिकच घट्ट केली.

अशा अवस्थेत, 7 जून 1850 च्या शुक्रवारी, वयाच्या 58 व्या वर्षी, तो श्रोत्यांसमोर बर्फ घेऊन उभा राहिला. त्याचे म्हणणे एका साध्या निरीक्षणावर होते. वितळत्या बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना लावले की चिकटून एक होतात. आपल्याकडे हे कोण पाहत नाही? मासळीच्या पेटीत टाकलेला चुरा सकाळपर्यंत दगड होतो. गोळेवाला किसलेला बर्फ मुठीत वळतो आणि तो काडीला धरून बसतो. फॅरडेने विचारले, हे होते का? त्याचे उत्तर असे: बर्फाच्या उघड्या पृष्ठावर, गोठणबिंदूच्या खालीसुद्धा, पाण्याचा एक अतिशय पातळ थर असतो. दोन तुकडे भिडले की तो थर दोन्ही बाजूंनी बर्फात सापडतो आणि गोठतो. बर्फाच्या अंगावर पाणी असतेच; ते तिथे कुणी आणावे लागत नाही.

हे म्हणणे फारसे कुणाला पटले नाही. त्याच्या आदल्याच वर्षी जेम्स थॉमसन याने दाखवून दिले होते की दाबाखाली बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो. त्याचा धाकटा भाऊ विल्यम, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेला, याने प्रयोगाने ते सिद्धही केले. मग तुकडे चिकटण्याला हेच कारण पुरेसे होते: दाबले की पाणी, दाब काढला की पुन्हा बर्फ. गोळेवाल्याची मूठ थॉमसनच्याच बाजूने साक्ष देते असे कुणालाही वाटेल. फॅरडेने वादविवाद केला नाही, प्रयोग केला. बर्फाइतक्याच थंड पाण्यात दोन तुकडे सोडले आणि अगदी हलकेच एकमेकांना टेकवले. दाब जवळजवळ नाहीच. तरीही ते चिकटले. थॉमसनने त्यालाही उत्तर दिले. फॅरडेपाशी गणित नव्हते, त्या थराची जाडी मोजायचे साधन नव्हते. प्रश्न तसाच राहिला.

1886 साली डब्लिनच्या जॉन जोली याने दाबाचा सिद्धांत स्केटच्या पात्याला लावला. अरुंद पाते, वर माणसाचे वजन, म्हणून दाब प्रचंड, म्हणून खाली पाणी, म्हणून घसरण. कल्पना इतकी सुबक होती की शंभर वर्षे ती क्रमिक पुस्तकांत टिकून राहिली. बँकेत आम्ही अशा वेळी पेन्सिल घेऊन बेरीज तपासत असू. इथेही तपासावी. साठ किलोचा माणूस, पात्याचा सुमारे तीन चौरस सेंटिमीटर भाग बर्फाला टेकलेला. दाब साधारण वीस वातावरणांचा होतो. एका वातावरणाच्या दाबाने वितळणबिंदू एका अंशाच्या सुमारे पाऊणशेवा भागसुद्धा उतरत नाही. तो एकशेतिसाव्या भागाच्या आसपास उतरतो. म्हणजे वीस वातावरणांना अंशाचा जेमतेम सातवा भाग. कडेवर उभे राहून टेकणारा भाग कितीही कमी केला तरी उणे 20 अंशांच्या बर्फावर होणारे स्केटिंग या हिशेबात बसत नाही. शिवाय साध्या सपाट बुटानेही माणूस बर्फावर पडतोच. तिथे कुठले अरुंद पाते?

1939 साली केंब्रिजच्या बाउडन आणि ह्यूज यांनी घर्षणाच्या उष्णतेकडे बोट दाखवले. पळत्या पात्याखाली ती उष्णता खरीच काम करते. पण बर्फावर स्थिर उभा असलेला माणूस का घसरतो, हे तिनेही उलगडत नाही. अखेर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्षकिरण आणि इतर सूक्ष्म उपकरणांनी बर्फाचे पृष्ठच तपासता आले, आणि तिथे तो थर सापडला. काही रेणूंच्या जाडीचा, धड पाणी नाही, धड बर्फ नाही, आणि गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली टिकून राहणारा. 2018 साली ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी मोजमापे प्रसिद्ध केली: पोलाद बर्फावर सर्वांत सहज घसरते ते उणे 7 अंशांच्या आसपास. त्याहून गार बर्फावर पृष्ठावरचे रेणू जखडले जातात. त्याहून उबदार बर्फ इतका मऊ असतो की पाते त्यात नांगरासारखे रुतते. शर्यतीच्या मैदानांवरचे बर्फ साधारण याच तापमानाला ठेवण्याची रीत खेळाडूंनी अनुभवाने आधीच घालून घेतलेली होती.

पात्याची पकड वाढवू पाहणाऱ्याला याचा अर्थ कळायला हवा. पाते बर्फ वितळवते म्हणून घसरत नाही. घसरण बर्फाच्या अंगचीच आहे, ती फुकट मिळालेली आहे. पात्याने आणायची असते ती पकड. ती येते कडेच्या तीक्ष्णपणातून, पन्हळीच्या खोलीतून आणि कड टिकवून धरणाऱ्या पोलादातून. एक अर्धा भाग फॅरडेच्या 1850 च्या बर्फात आहे, दुसरा त्याच्या 1820 च्या मुशीत.

त्याचे शेवटचे दिवस शांत, पण विझत गेलेले होते. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्याने नाकारले, सर ही पदवीही घेतली नाही. 1858 साली राणीने हॅम्प्टन कोर्टजवळ राहायला घर दिले, तेवढे स्वीकारले. स्मृती जवळजवळ गेली होती. 25 ऑगस्ट 1867 रोजी खुर्चीत बसल्या बसल्या त्याचा अंत झाला. वेस्टमिन्स्टर ॲबीऐवजी हायगेटच्या दफनभूमीत, नाव आणि दोन तारखा एवढ्याच असलेल्या दगडाखाली तो आहे.

पोलादाची ती पेटी मागे राहिली. 1931 साली शेफील्डचा धातुतज्ज्ञ सर रॉबर्ट हॅडफील्ड याने तिच्यातले 79 नमुने तपासले आणि मिश्रपोलादाच्या शास्त्राचा आरंभ फॅरडेपाशी झाला, असे जगाला सांगितले. तोवर क्रोमियमचे न गंजणारे पोलाद बाजारात येऊन अठरा वर्षे झाली होती.

बँकेत एक सस्पेन्स खाते असते. ज्या रकमेचा ठाव लागत नाही ती तिथे ठेवायची, आणि खरा धनी सापडेपर्यंत तिला हात लावायचा नाही. कच्चा कारकून अशी रक्कम कुठल्या तरी जवळच्या खात्यात ढकलून ताळा जुळवून मोकळा होतो. बर्फाच्या बाबतीत थॉमसनचे सुबक उत्तर समोर असताना फॅरडेने तसा ताळा जुळवला नाही. डोळ्यांना दिसले ते लिहिले, जे सिद्ध करता आले नाही ते सिद्ध झाल्याचा आव आणला नाही, आणि बहुमत विरुद्ध आहे म्हणून आपली नोंद खोडलीही नाही. ती नोंद शंभराहून अधिक वर्षे उघडी राहिली. तिचा धनी सापडला तेव्हा ती मांडणारा दगडाखाली होता, पण वहीतला आकडा बरोबर निघाला. वुट्झच्या बाबतीत त्याचाच आकडा चुकला, आणि तोही त्याच प्रामाणिक अक्षरात तिथेच आहे. ज्या माणसाला कालचे आठवत नव्हते, त्याने आपल्या वहीवर एवढा विश्वास टाकावा आणि वहीने तो सार्थ ठरवावा, यापेक्षा मोठे व्याज मी कुठल्या ठेवीवर दिलेले मला आठवत नाही.